ट्रेनिंगमध्ये पाय मोडला आणि नोकरीही गेली: कायदा काय म्हणतो?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक विषय कुणी अर्ज न करता स्वतःहून हाती घेतला. खडकवासल्याची एनडीए, डेहराडूनची आयएमए अशा लष्करी अधिकारी घडवणाऱ्या संस्थांत प्रशिक्षण घेताना जबर जखमी झालेल्या आणि मग 'वैद्यकीय कारणास्तव' घरी पाठवलेल्या कॅडेटांचं पुढे काय होतं, हा तो विषय. १९८५ पासून असे सुमारे पाचशे कॅडेट बाहेर पडल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. अधिकारी म्हणून कमिशन मिळण्याआधीच ते बाहेर पडलेले, त्यामुळे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही.

ही झाली होऊ घातलेल्या अधिकाऱ्यांची गोष्ट. तिच्या शेजारीच आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहसा छापून येत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफमध्ये कॉन्स्टेबल म्हणून भरती झालेल्या पोरापोरींची. भरती निघाली की सांगली-साताऱ्यापासून नांदेड-गडचिरोलीपर्यंत पहाटेचे रस्ते पळणाऱ्या मुलांनी भरलेले असतात. त्यातला एखादा निवडला जातो, गावात त्याचा सत्कार होतो, आणि चार-सहा महिन्यांनी तो काठी टेकत परत येतो. हातात एक कागद असतो: 'सेवेची गरज नाही'. गावातले जाणते सांगतात, ट्रेनिंगमध्ये कधीही काढतात, काही करता येत नाही. हे अर्धंच खरं आहे.

आधी दल कोणतं ते बघा

आपल्याकडे ठिपक्यांचा युनिफॉर्म दिसला की 'पोरगं मिल्ट्रीत आहे' असं सरसकट म्हणतात. कायद्यासाठी हा घोळ महागात पडतो. लष्कर, नौदल, हवाई दल संरक्षण मंत्रालयाकडे. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी आणि एसएसबी ही निमलष्करी दलं गृह मंत्रालयाकडे. आसाम रायफल्स या दोन्हींच्या मधलं: प्रशासन गृह मंत्रालयाचं, कामगिरीचं नियंत्रण लष्कराचं. आपली एसआरपीएफ यातल्या कशातच बसत नाही, ती राज्य सरकारची.

प्रत्येक निमलष्करी दलाचा स्वतःचा कायदा आणि स्वतःचे नियम आहेत. सीआरपीएफचा कायदा १९४९ चा आणि नियम १९५५ चे, बीएसएफचा कायदा १९६८ चा आणि नियम १९६९ चे, एसएसबीचा कायदा तर अगदी २००७ चा. म्हणून वकिलाकडे जाताना पहिला प्रश्न हाच येतो की डिस्चार्जच्या कागदावर कोणत्या नियमाचा आकडा लिहिला आहे. त्या आकड्यावर पुढचं बरंचसं ठरतं, म्हणून त्याच्याकडे मी या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे.

रिक्रूट हा नोकर आहे की उमेदवार?

नोकर आहे. इथे कॅडेट आणि रिक्रूट यांच्यात मोठा फरक पडतो. एनडीएचा कॅडेट कमिशन मिळेपर्यंत सेवेत धरला जात नाही. कॉन्स्टेबल रिक्रूट, म्हणजे नुकताच भरती होऊन प्रशिक्षण घेणारा जवान, मात्र प्रशिक्षण केंद्रात हजर झाला की दलाच्या हजेरीपटावर येतो. त्याला पगार सुरू होतो (लेव्हल ३, मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून), त्याचं सर्व्हिस बुक उघडतं, दलाची शिस्त त्याला लागू होते. तो न सांगता निघून गेला तर त्याच्यावर कारवाई होते. ज्याला पळून गेल्याबद्दल शिक्षा करता येते, तो जखमी झाला की 'अजून आमचा नव्हताच' असं कसं म्हणता येईल?

तो पक्का नसतो, हे मात्र खरं. पहिली साधारण दोन वर्षं परिवीक्षेची, म्हणजे प्रोबेशनची असतात. सीआरपीएफच्या नियम १६ मध्ये भरती तीन वर्षांसाठी धरली आहे आणि त्या काळात एक महिन्याची नोटीस देऊन मोकळं करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. केंद्राच्या तात्पुरत्या सेवेच्या १९६५ च्या नियमांतला नियम ५ ही जवळपास हेच सांगतो: एक महिन्याची नोटीस, नाहीतर तेवढा पगार. कारण न लिहिता, ठपका न ठेवता असं मोकळं करण्याला आपण या लेखापुरतं 'साधा डिस्चार्ज' म्हणू.

साधा डिस्चार्ज बेकायदा नाही. गावातल्या जाणत्यांचं अर्धं खरं ते एवढंच.

हाड का मोडतं, आणि डॉक्टरला का दिसत नाही

प्रशिक्षणातल्या सगळ्या दुखापती दोरावरून पडून किंवा अडथळ्यांच्या मैदानात गुडघा फिरून होत नाहीत. फार मोठा वाटा हळूहळू होणाऱ्या दुखापतींचा असतो. त्यातली नेहमीची म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर: एका झटक्यात न मोडता, त्याच जागी हजारो वेळा दाब पडून हाडाला गेलेली बारीक भेग. नडगीचं हाड आणि पावलाची हाडं हिच्या नेहमीच्या जागा. पावलातल्या या दुखण्याचं वर्णन प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्येच करून ठेवलं आहे, क्ष-किरणांचा शोध लागायच्या चाळीस वर्षं आधी. कवायत करणाऱ्या सैनिकांत दिसतं म्हणून पुढे याला 'मार्च फ्रॅक्चर' हे नावच पडलं.

हाड काही दगड नव्हे. दाब वाढला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथे नवीन, जास्त मजबूत हाड घालतं. काढण्याचं काम लवकर होतं, भरण्याचं सावकाश. या मधल्या काही आठवड्यांत हाड उलट कमकुवत असतं, आणि प्रशिक्षणाचा जोर नेमका त्याच आठवड्यांत चढत असतो. भरतीसाठी २४ मिनिटांत ५ किलोमीटर पळण्याचा सराव केलेला मुलगाही यातून सुटत नाही. मातीच्या रस्त्यावर हलक्या बुटांत पळणं वेगळं, परेड ग्राउंडवर जड बूट आपटत दिवसाचे कित्येक तास घालवणं वेगळं. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, असं वेगवेगळ्या देशांच्या सैन्यांतल्या पाहण्या सांगतात.

आता यातला वादाचा मुद्दा. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसतं, पण केंद्राच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या दवाखान्यात, एमआरआय नसतो. मुलगा सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी असल्याची नोंद करायला जातो, एक्स-रे स्वच्छ येतो, गोळ्या मिळतात, दोन दिवस पीटीतून सूट मिळते. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा लंगडतो. कवायत शिकवणाऱ्या उस्तादाला वाटतं बहाणे करतोय. डायरीत 'कामचुकार', 'इच्छाशक्ती कमी' असे शेरे पडायला लागतात. उस्ताद दुष्टच असला पाहिजे असं नाही. त्याने बहाणे करणारेही पाहिलेले असतात. पण हे शेरे फाइलमध्ये राहतात आणि काही महिन्यांनी निर्णय घेणारा अधिकारी मुलाचा पाय बघत नाही, फाइल बघतो.

भेग वेळीच कळली आणि पायाला विश्रांती मिळाली तर बहुतेक स्ट्रेस फ्रॅक्चर साधारण सहा ते बारा आठवड्यांत भरून येतात. विश्रांती मिळाली नाही तर त्याच भेगेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं.

एकच दुखापत, तीन वेगळी कारणं

जखमी रिक्रूटला बाहेर काढायचं झालं तर कागदावर साधारण तीनपैकी एक कारण येतं.

पहिलं, वैद्यकीयदृष्ट्या अनफिट. हा सरळ मार्ग. बीएसएफचा नियम २५ घ्या. एखादा जवान शारीरिक कारणाने काम करू शकत नाही असं कमांडंटला वाटलं, तर त्याला मेडिकल बोर्डासमोर पाठवायचं. बोर्डाने अनफिट ठरवलं तर तो निष्कर्ष आणि निवृत्त करण्याचा निर्णय आधी त्याला कळवायचा. त्याला ठरलेल्या मुदतीत म्हणणं मांडता येतं, आणि त्यावर पुन्हा वैद्यकीय बोर्ड बसू शकतं. म्हणजे डॉक्टर आले, कागद आला, उत्तर द्यायची संधी आली.

दुसरं, दलासाठी अनुपयुक्त. त्याच पुस्तकातला पुढचाच नियम, २६. इथे मेडिकल बोर्ड नाही. कमांडंटने कारणे दाखवा नोटीस द्यायची, उत्तर घ्यायचं आणि जवान दलात ठेवण्याजोगा नाही असं ठरवायचं. पीटीत नापास, ड्रिलमध्ये नापास, प्रगती असमाधानकारक, असे शेरे इथे कामाला येतात. नापास का झाला, तर पायाला भेग होती म्हणून, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

तिसरं, गैरहजर. मुलगा आजारपणाच्या रजेवर घरी आला, प्लास्टर चढलं, रजा संपली तरी पाय जमिनीवर टेकवत नाही. घरचे केंद्रात फोन करून कळवतात आणि निश्चिंत होतात. फोनची नोंद फाइलला लागत नाही. बीएसएफ कायद्याच्या कलम ६२ नुसार परवानगीशिवाय ३० दिवस गैरहजर राहिलेल्यासाठी चौकशी न्यायालय (कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे दलातलीच चौकशी) बसतं, आणि पुरेसं कारण दिसलं नाही तर त्याची गैरहजेरी तशी नोंदवली जाते. इतर दलांतही या धर्तीच्या तरतुदी आहेत. अशा रीतीने जखमी माणूस कागदावर पळपुटा होतो.

क्रिकेटमध्ये चेंडू लागून फलंदाज तंबूत परतला तर धावफलकावर 'रिटायर्ड हर्ट' लिहितात. तो बाद नसतो. बरा वाटलं तर त्याच डावात पुन्हा खेळायला येतो. हाच फलंदाज दुखापत वगैरे काही नसताना निघून गेला आणि समोरच्या कर्णधाराने परत येऊ दिलं नाही, तर तो 'रिटायर्ड आऊट'. मैदान दोघांनीही सोडलेलं असतं, पण धावफलक लिहिणाऱ्याच्या एका शब्दाने एकाचा डाव शिल्लक राहतो आणि दुसऱ्याचा संपतो. अन्यायाने काढलेल्या रिक्रूटच्या बहुतेक प्रकरणांचं मूळ इथे असतं: दुखापत होऊन बाहेर गेलेल्याच्या नावापुढे कुणीतरी 'आऊट' लिहिलेलं असतं.

हा शब्द पुढे खूप काही ठरवतो. अनफिट म्हणून बाहेर पडलेला अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर दावा सांगू शकतो आणि बरा झाल्यावर दुसऱ्या नोकरीचा फॉर्म ताठ मानेने भरू शकतो. अनुपयुक्त किंवा गैरहजर म्हणून निघालेल्याला 'यापूर्वी सेवेतून काढले होते का' या रकान्यापाशी येऊन थांबावं लागतं.

कागदावर कारणच नसेल, तर कोर्ट काय बघणार?

ठपका नसलेल्या साध्या डिस्चार्जला आव्हान देता येतं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर १९५७ च्या धिंग्रा खटल्यापासून पुन्हा पुन्हा आला आहे. तिथून निघालेलं सूत्र असं: अधिकाऱ्याच्या मनात काय हेतू होता हे कोर्ट सहसा खोदत नाही, पण काढण्याचा पायाच एखादा आरोप असेल, तर आदेश कितीही गोड शब्दांत लिहिला तरी ती शिक्षा ठरते, आणि चौकशीशिवाय शिक्षा देता येत नाही.

प्रशिक्षणार्थींसाठी याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे अनूप जयस्वाल खटला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत १९८१ च्या जूनमध्ये एका पावसाळी सकाळी आयपीएस प्रशिक्षणार्थी सरावाला उशिरा पोचले. उशीर वीसेक मिनिटांचा. या उशिरामागे पुढाकार कुणाचा याचा अकादमीने शोध घेतला आणि जयस्वाल यांना त्यातले एक धरलं. काही महिन्यांनी त्यांना डिस्चार्जचा आदेश आला, आणि त्यात या सकाळीचा साधा उल्लेखही नव्हता. दिसायला तो निव्वळ साधा डिस्चार्ज होता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेशामागची कागदपत्रं पाहिली, खरं कारण गैरवर्तनाचा आरोप आहे आणि त्याची चौकशी झालेलीच नाही हे ओळखलं, आणि त्यांना परत घ्यायला सांगितलं.

जखमी रिक्रूटला या निकालाचा उपयोग दोन बाजूंनी होतो. फाइलमध्ये 'बहाणेबाज' किंवा 'दुखणं लपवून आला' असं लिहिलेलं असेल तर तो आरोप आहे. त्यावर म्हणणं मांडायची संधी न देता काढणं टिकत नाही. आणि आरोप नसेल, कारण निव्वळ शरीर असेल, तर मग नियमात सांगितलेलं मेडिकल बोर्ड कुठे आहे, हा प्रश्न उरतोच.

पण सही तर आपणच केली होती

हा आक्षेप घरातूनच येतो. जॉइनिंगच्या वेळी गठ्ठ्याने हमीपत्रांवर सह्या घेतलेल्या असतात, त्यात 'प्रशिक्षणात असमाधानकारक आढळल्यास काढता येईल' असं वाक्य असतंच. १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कंपनीच्या 'तीन महिन्यांची नोटीस द्या आणि कारण न सांगता काढा' या अटीला घटनेच्या कलम १४ (समानतेचा हक्क) विरुद्ध ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: ज्याच्यापुढे सही करणं किंवा उपाशी राहणं एवढेच पर्याय आहेत, त्याच्या सहीला करार म्हणून फार वजन देता येत नाही. तो खटला पक्क्या नोकरीतल्या अधिकाऱ्यांचा होता, तेव्हा प्रोबेशनवरच्या रिक्रूटला तो जसाच्या तसा लागू होईल असं समजू नका. सहीमुळे मनमानीला परवाना मिळत नाही, इतकंच त्यातून घ्यायचं.

याहून घातक सही वेगळीच असते. 'राजीनामा दे, सर्टिफिकेट स्वच्छ राहील' असं सांगून घेतलेली. राजीनामा दिला की काढून टाकल्याचा प्रश्नच संपतो, निवृत्तिवेतनाचा दावाही ढिला पडतो. दबावाखाली दिला असेल तर तो मंजूर होऊन लागू होण्याआधी लेखी मागे घेता येतो, म्हणून अशा वेळी तासांचा हिशेब असतो, आठवड्यांचा नसतो.

अनफिट माणूस सीमेवर काय करणार?

रास्त प्रश्न आहे आणि त्याला भावनिक उत्तर देऊन भागत नाही. बंदूक घेऊन चालणाऱ्या दलाला धडधाकट माणसं लागतात. जवानांची तब्येत मोजायला दलांत शेप नावाची पद्धत आहे: मानसिक स्थिती, कान, हातपाय, बाकीचं शरीर आणि डोळे अशी पाच खाती, प्रत्येकाला श्रेणी. पाचही खात्यांत पहिली श्रेणी म्हणजे शेप-१. दुखापत झाली की श्रेणी काही आठवड्यांसाठी तात्पुरती उतरवतात आणि मुदत संपली की पुन्हा तपासतात.

म्हणजे दलाच्या स्वतःच्या पद्धतीतच तात्पुरतं आणि कायमचं असा फरक धरलेला आहे. बुडालेलं प्रशिक्षण पुढच्या तुकडीबरोबर पूर्ण करायला लावणं, ज्याला केंद्रांत रेलिगेट करणं म्हणतात, हेही रोजच्या वापरातलं आहे. त्यामुळे दलाला विचारायचा प्रश्न 'अनफिट माणूस ठेवा' असा नसतो. बारा आठवड्यांत भरणाऱ्या हाडासाठी सहाव्या आठवड्यात कायमचा निर्णय का घेतला, असा असतो.

आणि अपंगत्व कायमचंच असेल तर?

इथे कायदा रिक्रूटच्या फारसा बाजूने नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात कलम ४७ होतं: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येणार नाही; ते काम जमत नसेल तर तेवढ्याच पगाराचं दुसरं काम द्या, तसं पद नसेल तर त्याच्यासाठी जादा पद तयार करा. कुणाल सिंग खटल्यातला जवान एसएसबीचा कॉन्स्टेबल. कामावर असताना पायाला दुखापत झाली, गँग्रीन झालं, पाय कापावा लागला आणि त्याला सेवेतून मोकळं केलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ४७ चा आधार घेऊन त्याच्या बाजूने निकाल दिला.

पण तोवर, सप्टेंबर २००२ मध्ये, केंद्राने अधिसूचना काढून निमलष्करी दलांतल्या लढाऊ पदांना त्या कलमातून सूट दिली होती. कुणाल सिंगचं प्रकरण त्याआधीचं, म्हणून तो वाचला. २०१६ च्या नव्या कायद्यात तेच संरक्षण कलम २०(४) मध्ये आलं आणि १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने या दलांच्या लढाऊ पदांना पुन्हा सूट मिळाली. जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल हे लढाऊ पद.

दार पूर्ण बंद झालेलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार असलेल्या सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, आजाराशी जोडलेल्या वागण्याबद्दल चालवलेली शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव ठरवला, आणि आधीचं काम जमत नसेल तर पगार राखून दुसरं काम द्या असं सांगितलं. माझं मत विचाराल तर लढाऊ पदाला सरसकट सूट देणं ताणलेलं आहे. दलांत कारकुनी, भांडार, संपर्क यंत्रणा अशी कामं भरपूर असतात आणि तिथे गुडघ्याचं फारसं अडत नाही. पण आज कायदा असा आहे.

नोकरी टिकली नाही तरी पैशाचा हक्क वेगळा राहतो. केंद्रीय नागरी सेवांचे असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम आधी १९३९ चे होते, आता २०२३ चे आहेत. अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा बळावलं, की कर्तव्यावरच्या अपघाताने आलं, यावर त्यात निवृत्तिवेतनाच्या वर्गवाऱ्या केल्या आहेत. शिवाय २०१९ पासून, वैद्यकीय कारणाने सेवा संपलेल्याला दहा वर्षं भरली नाहीत म्हणून निवृत्तिवेतन नाकारण्याची जुनी अट गेली. 'चार महिन्यांच्या नोकरीत कसली पेन्शन' असं कुणी म्हणालं तर म्हणून गप्प बसू नका.

दुखणं आधीचंच असेल तर?

भरतीच्या वेळी तपशीलवार वैद्यकीय तपासणी दलाच्याच डॉक्टरांनी केलेली असते. त्यात पास केलं आणि सहा महिन्यांनी 'हे जुनं दुखणं' म्हटलं, तर ते दाखवून देण्याची जबाबदारी दलावर यायला हवी. लष्कराच्या नियमांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असंच म्हटलं आहे: भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे निघाला, तर तो सेवेतला मानायचा आणि तसं नाही हे सरकारने सिद्ध करायचं. तो निकाल लष्कराच्या नियमांवर उभा आहे. निमलष्करी जवानाच्या वकिलाला तो तर्क म्हणून मांडावा लागतो.

कागद कुठून आणायचे

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू, असं पहिल्यांदा कुणीही म्हणतं. तिथे अडचण आहे. त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी आणि आसाम रायफल्स यांना सूट आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन एवढ्याच बाबतींत माहिती मागता येते. म्हणून कागद आपल्याच हातात जमवावे लागतात, आणि तेही केंद्रात असतानाच: सिक रिपोर्टच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या, केंद्राने बाहेरच्या रुग्णालयात पाठवल्याचं पत्र, तिथला एक्स-रे, एमआरआय. अपघात झाला असेल तर त्याची चौकशी झाली का आणि त्यात जबाब घेतला का, हे तारखेसकट लिहून ठेवायचं. जखम कर्तव्यावर झाली हे पुढे सिद्ध करायला त्या चौकशीइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

घरी असताना रजा वाढवायची तर सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रासह अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. (जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे, तेव्हा खिडकीवर त्यासाठी हुज्जत नको.) व्हॉट्सॲपवर हवालदारसाहेबांना फोटो टाकला आणि त्यांनी अंगठा दाखवला, याला रजा मंजूर झाली असं म्हणत नाहीत. कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तर द्याच, आणि त्यात ज्या कागदांच्या आधारे नोटीस काढली त्यांच्या प्रती मागा. दिल्या नाहीत तर ते न देणंही कोर्टात सांगता येतं.

दाद कुठे मागायची

आधी दलातच वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी निवेदन. तिथे काही झालं नाही तर थेट उच्च न्यायालय. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या १९८५ च्या कायद्यातून संघराज्याची सशस्त्र दलं वगळली आहेत आणि लष्करासाठीचं सशस्त्र दल न्यायाधिकरण निमलष्करी जवानांसाठी नाही. चुकीच्या ठिकाणी अर्ज करून वर्ष घालवू नका.

केंद्र राजस्थानात असेल तर जोधपूरला जावं लागेल का? घटनेच्या कलम २२६(२) नुसार तक्रारीच्या कारणाचा काही भाग जिथे घडला, तिथल्या उच्च न्यायालयातही जाता येतं. डिस्चार्जचा आदेश गावी पोचला, निवेदन तिथूनच गेलं आणि नकारही तिथेच आला, यावर मुंबई उच्च न्यायालयात अधिकारक्षेत्र सांगता येतं. दल बहुधा हरकत घेतं आणि निर्णय प्रकरणागणिक होतो. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्याला खंडपीठं आहेत, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याकडच्या मुलांची मुंबईची खेप वाचली. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींतले, अपंग आणि कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या कार्यालयात चौकशी करा.

उच्च न्यायालयात थेट करायच्या या अर्जाला, म्हणजे रिट याचिकेला, कायद्याने ठराविक मुदत नाही, पण उशिराचं कारण कोर्ट विचारतंच. काही महिन्यांत गेलेलं बरं. वयाचा प्रश्नही आहे: जीडीची वयोमर्यादा साधारण १८ ते २३. खटला लांबला तर पुन्हा परीक्षा देण्याचा रस्ता वयामुळे बंद होतो, म्हणून पाय बरा असेल तर खटला चालू असतानाही फॉर्म भरत राहावा.

जिंकलं तर काय मिळतं

सिनेमातल्यासारखं 'सन्मानाने परत घ्या, सगळा पगार द्या' असं दर वेळी होत नाही. बेकायदा काढलेल्याला परत घेणं आणि मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात म्हटलं आहे. रिक्रूटच्या बाबतीत मात्र कोर्टाचा हात आखडता असतो, कारण प्रशिक्षण पूर्ण झालेलं नसतं आणि तो फिट आहे की नाही हे न्यायाधीश ठरवू शकत नाहीत. बऱ्याचदा आदेश रद्द होतो आणि प्रकरण दलाकडे परत जातं: नव्याने मेडिकल बोर्ड बसवा, म्हणणं ऐका, कारणांसह निर्णय घ्या, फिट निघाला तर पुढच्या तुकडीत घ्या. मधल्या काळाचा पगार मिळेलच असं नाही. सेवा सलग धरावी ही मागणी याचिकेतच करून ठेवावी लागते, नंतर सुचून उपयोग नसतो.

आणि ते नवं मेडिकल बोर्ड खरंच बसतं. निकाल हातात आल्यावर पेढे वाटले आणि वर्षभर धावणं सोडलेलं असेल, तर वजन, दम आणि गुडघा तिघंही बोर्डासमोर साक्ष देतात. म्हणून हाडांच्या डॉक्टरने परवानगी दिली की याचिकेच्या तारखा पडत असतानाच पहाटेचं पळणं पुन्हा सुरू करायचं, आधी मातीवर आणि हळूहळू.